विरघळणारा धागा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये धाग्याची चणचण होती. कापूस, रेशीम, ताग सगळं समुद्रापलीकडून यायचं आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या टपून बसलेल्या. लीड्स विद्यापीठातले जे. बी. स्पीकमन हे एरवी लोकरीच्या तंतूंचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळात वेगळाच कच्चा माल हाती घेतला. किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढणाऱ्या तपकिरी शेवाळातून त्यांनी कृत्रिम रेशमाच्या जातीचा धागा काढून दाखवला. धागा चांगला होता. विणता येत होता, शिवाय सहजासहजी पेटत नव्हता. खोट एकच होती. साबण आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पडला की तो विरघळून जायचा.

असा कपडा कोण घालणार? धुवायला दिलेल्या सदऱ्याची परत येताना नुसती बटणंच यायची. पण कारखानदार मोठे हिकमती. मोजे यंत्रावर एकापुढे एक सलग विणले जातात. दोन मोज्यांच्या मधल्या ओळी या धाग्याने विणल्या, तर धुतल्यावर ते आपसूक सुटे होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे रुग्णालयांतही या धाग्याला काम मिळालं. संसर्ग झालेल्या रुग्णांचे कपडे आणि चादरी ज्या पिशव्यांत भरून धुलाईला जातात, त्यांची शिवण या धाग्याने घालायची. पिशवी न उघडता तशीच यंत्रात टाकली की शिवण विरघळते आणि आतला कपडा कुणाचा हात न लागता मोकळा होतो.

हा धागा ज्या पदार्थाचा होता त्याचं नाव अल्जिनेट. मधुमेहाने चिघळलेल्या पायांवर, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या बेडसोरवर, त्वचारोपणासाठी मांडीवरची कातडी काढून घेतात त्या जागेवर आज जगभर जी मऊ, पांढरी, दाबून बसवलेल्या तंतूंची चकती ठेवतात, ती याच पदार्थाची असते. तिथे तिचं काम होतं ते धाग्याच्या त्याच जुन्या खोटीमुळे.

अल्जिनेटचा शोध मात्र धाग्याच्या बराच आधीचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरीब कुटुंबांचा पोटापाण्याचा धंदा होता शेवाळ जाळण्याचा. किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करायचं, वाळवायचं, दगड लावून केलेल्या खड्ड्यात जाळायचं आणि उरलेली राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकायची, कारण त्या राखेत सोडा असे. नेपोलियनच्या युद्धांत परदेशी सोडा मिळेनासा झाला तेव्हा या राखेचे भाव आभाळाला टेकले. युद्ध संपलं, स्वस्त सोडा बाजारात आला आणि बेटांवरचा धंदा बसला. त्यातल्या त्यात आधार उरला तो आयोडीनचा. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा यांना शेवाळाच्या राखेतच आयोडीन सापडलं होतं. म्हणजे जखम आणि शेवाळ यांची गाठ तशी जुनीच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खरचटलेल्या गुडघ्यावर झोंबलेलं टिंक्चर आयोडीन दूरच्या नात्याने समुद्राचंच.

एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाला ही जाळपोळ मान्य नव्हती. उघड्यावर जाळल्याने बरंचसं आयोडीन वाऱ्यावर उडून जातं आणि बाकीच्या पदार्थांची तर राखच होते, असा त्याचा आक्षेप. १८६०च्या दशकात तो स्वतःच या धंद्यात उतरला. शेवाळ न जाळता त्याने ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पाहिलं. पानं विरघळली आणि भांड्यात उरला दाट, बुळबुळीत लगदा. त्याने त्याला ‘अल्जिन’ म्हटलं आणि १८८१ साली पेटंट घेतलं. त्याच्या मोजमापाप्रमाणे हा पदार्थ पाण्याला दाटपणा देण्यात स्टार्चच्या १४ पट आणि बाभळीच्या जातीच्या झाडांपासून मिळणाऱ्या अरबी डिंकाच्या ३७ पट सरस होता. या दाट पदार्थात नायट्रोजन असावा असाही त्याचा समज होता. १८९६ मध्ये नॉर्वेच्या ॲक्सेल क्रेफ्टिंग यांनी तो शुद्ध करून दाखवला तेव्हा त्यात नायट्रोजनचा मागमूस नाही, ही एक जातीची शर्करांचीच साखळी आहे, हे स्पष्ट होत गेलं.

शेवाळाला हा चिकट पदार्थ कशासाठी लागतो? तपकिरी शेवाळं वनस्पतींसारखी दिसली तरी शास्त्राच्या दृष्टीने वनस्पतींच्या कुळातली नाहीत. त्यांना लाकूड नसतं. आणि जगायचं असतं ते अशा ठिकाणी, जिथे दिवसरात्र लाटांचे तडाखे बसतात. कडक राहिलं तर मोडायचं, अगदी लिबलिबीत राहिलं तर फाटायचं. त्यांच्या पेशींच्या भिंतींत भरलेलं अल्जिनेट ही अडचण सोडवतं. काही जातींच्या सुक्या वजनात ते ४० टक्क्यांपर्यंत भरतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर लॅमिनारिया हायपरबोरिया नावाचं माणसाहून उंच वाढणारं शेवाळ आहे. त्याचा दांडा ताठ असतो, पानं लवचीक. दोन्हींत अल्जिनेटच, फरक आहे तो त्याच्या घडणीत.

ही घडण समजायला बराच वेळ लागला. अल्जिनेटची साखळी मॅन्युरॉनिक आम्लाच्या कड्यांची असते असं आधी मानलं जाई. १९५५ साली फिशर आणि ड्योर्फेल या जर्मन संशोधकांनी त्यात दुसरंही कडं असल्याचं दाखवलं, ग्युलुरॉनिक आम्लाचं. सोयीसाठी त्यांना ‘म’ आणि ‘ग’ म्हणू. मग नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये हाऊग, लार्सन आणि स्मिड्स्रॉड यांनी १९६०च्या दशकात ही कडी साखळीत कशी मांडलेली असतात ते उलगडलं: काही ठिकाणी ओळीने ‘म’, काही ठिकाणी ओळीने ‘ग’, काही ठिकाणी दोन्हींची सरमिसळ. ओळीने ‘म’ असले की साखळी फितीसारखी सपाट होते. ओळीने ‘ग’ असले की ती नागमोडी होते आणि तिच्यात ठरावीक अंतरावर खळगे पडतात.

त्या खळग्यांत नेमका कॅल्शियमचा आयन मावतो. कॅल्शियमवर दोन धनभार असतात, त्यामुळे तो दोन शेजारच्या साखळ्यांना एकदम धरून ठेवतो. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी याचं वर्णन केलं ते अंड्यांच्या ट्रेसारखं: दोन नागमोडी ट्रे एकमेकांवर पालथे आणि मधल्या खळग्यांत कॅल्शियमची अंडी. वाण्याकडून अंडी आणणाऱ्या कुणालाही ही रचना पटकन डोळ्यांपुढे येईल. सोडियमवर एकच भार, तो अशी गाठ मारू शकत नाही. म्हणून सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळतं आणि कॅल्शियम अल्जिनेट विरघळत नाही. ज्या दांड्याला ताठ उभं राहायचं आहे त्यात ‘ग’ जास्त, पानात ‘म’ जास्त.

धागा काढायची रीतही यातूनच येते. सोडियम अल्जिनेटचं मधाइतकं दाट द्रावण बारीक छिद्रांच्या चाळणीतून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात दाबून सोडायचं. पाण्याला स्पर्श होताच प्रत्येक धार जागच्या जागी गोठते. ती ओढून, धुऊन, वाळवून तंतू करायचे, पिंजायचे आणि सुयांनी टोचून टोचून एकजीव करायचे, की झाली मलमपट्टीची चकती. विणकाम नाही, शिवणकाम नाही. याच गोठण्याच्या जोरावर १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये केकवर लावायच्या नकली चेरी तयार झाल्या. कवळी करताना दंतवैद्य तोंडात जो गारगार लगदा भरतात आणि दोन-चार मिनिटांत त्याचा साचा बाहेर काढतात, तोही अल्जिनेटचाच.

जखमेवर या धाग्याला आणलं ते युद्धानेच. जॉर्ज ब्लेन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी अल्जिनेट वापरून पाहिलं; त्याचे निष्कर्ष १९४७ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या अमेरिकन नियतकालिकात आले. त्यानंतर हा विषय तीसेक वर्षं बाजूलाच पडला म्हणायला हरकत नाही. त्याचं एक मोठं कारण अल्जिनेटमध्ये नव्हतं, वैद्यकाच्या समजुतीत होतं.

समजूत अशी, की जखम कोरडी हवी. आपल्याकडेही घरोघर हेच ऐकायला मिळतं: पाणी लावू नकोस, वारा लागू दे, खपली धरली की झालं. सॅम्पसन गॅमजी या इंग्रज शल्यविशारदाने १८८० साली गॉजमध्ये कापूस भरून केलेली शोषक पट्टी आणली ती याच विचाराने. जखमेतली लस टिपून घ्यायची आणि जागा सुकी ठेवायची.

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी ‘नेचर’मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांचा एक लेख लिहिला आणि या समजुतीला तडा गेला. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते. विंटर यांनी त्यांच्या पाठीवर उथळ, सारख्या आकाराच्या जखमा केल्या. काही हवेवर उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. पापुद्र्याखालच्या ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. सूक्ष्मदर्शकाखाली कारणही दिसलं. उघड्या जखमेचा वरचा थर सुकून खपली होते. नव्या त्वचेच्या पेशींना तिच्याखालून, ओलावा जिथे शिल्लक आहे त्या पातळीवरून, वाट कोरत जावं लागतं. ओल्या पृष्ठभागावर त्या सरळ सरकत जातात. पुढच्याच वर्षी माणसांवरही हाच परिणाम नोंदवला गेला. खपली हे जखम बरी होत असल्याचं लक्षण आहे हे खरं, पण वाटेतला अडथळाही तीच आहे.

तरी पॉलिथिन हा काही उपाय नव्हे. चिघळलेल्या जखमेतून लस सतत झिरपते. ती पापुद्र्याखाली साचली की आजूबाजूची चांगली कातडी भिजून पांढरी पडते, सुटू लागते. जास्तीची लस शोषून घेईल आणि तरी जखमेला ओल ठेवेल असा काहीतरी पदार्थ हवा होता. स्पीकमन यांच्या धाग्याची आठवण इथे झाली. १९८३ साली ब्रिटनमध्ये सॉर्बसान ही आधुनिक अल्जिनेट पट्टी बाजारात आली, मग कॅल्टोस्टॅट आली, आणि त्यानंतर रांगच लागली.

जखमेवर नेमकं काय घडतं? चकती कोरडी ठेवली जाते, तेव्हा ती कॅल्शियम अल्जिनेट असते. जखमेतली लस खारट, म्हणजे सोडियमने भरलेली. सोडियमचे आयन तंतूंत शिरतात आणि कॅल्शियमला जागेवरून हुसकतात. अंडी काढून घेतली की ट्रे एकमेकांपासून सुटतात. त्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरतं, तंतू फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि चकतीचा गिलगिलीत गर होतो. स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते वीस पट द्रव चकती धरून ठेवू शकते. बाहेर पडलेलं कॅल्शियमही वाया जात नाही, कारण रक्त गोठायच्या साखळीत कॅल्शियम लागतंच. मांडीवरून कातडी काढलेल्या जागी रक्ताचे असंख्य बारीक ठिपके एकदम उमटतात. एकेक शिरा शोधून बांधणं तिथे शक्यच नसतं. तिथे ही चकती पसरली की पाझर लवकर थांबतो.

खरा फरक मात्र पट्टी बदलताना कळतो. ज्याने कुणी वाळलेलं गॉज जखमेवरून सोडवून घेतलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. वाळलेल्या लशीबरोबर गॉजचे धागे जखमेत रुतलेले असतात. ओढताना जिवाच्या आकांताने माणूस ओरडतो आणि कोवळं मांसही निघून येतं, म्हणजे आठवडाभरात जे भरून आलं ते क्षणात उखडलं. अल्जिनेटच्या खाली उखडायला काही नसतं. ‘म’ जास्त असलेल्या पट्टीचा गर पातळ होतो, तो सलाईनच्या धारेने धुऊन टाकता येतो. ‘ग’ जास्त असलेली पट्टी ओली झाली तरी आपला आकार धरून ठेवते, ती चिमट्याने अलगद एका तुकड्यात उचलता येते. शेवाळाचा दांडा आणि पान यांतला फरक असा थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत येतो.

नर्सना या पट्टीची सवय व्हायला थोडा वेळ जातो. उचलल्यावर दिसतो तो पिवळसर-हिरवट, चिकट लगदा आणि त्याला किनाऱ्यावरच्या शेवाळाचा वास. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पू झाला. सलाईनने जखम धुतल्याशिवाय तिचं खरं रूप कळत नाही. खोल जखमेसाठी चकतीऐवजी दोरीसारखी लांब पट्टी येते. ती आत सैलसर भरायची, ठासायची नाही, कारण तिला फुगायला जागा हवी. वरून एक साधी शोषक पट्टी लागते. आणि ठेवण्याआधी चकती ओली करू नये. ओली करून ठेवली तर जी शोषणशक्ती लशीसाठी हवी होती ती आधीच खर्च झालेली असते.

जिथे लसच नाही अशा सुक्या जखमेवर ही पट्टी चालत नाही. तिथे ती उलट ओल ओढून घेते, वाळते आणि गॉजसारखीच चिकटून बसते. खोल भाजलेल्या जागेवर, काळ्या सुक्या खपलीवर आणि मोठी धमनी तुटून भळाभळा वाहणाऱ्या रक्तावर तिचा उपयोग नाही. अरुंद, खोल पोकळीत तंतू राहून जाऊ नयेत हेही बघावं लागतं. अल्जिनेट तोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही; आत अडकून राहिलेले तंतू बाहेरच्या वस्तूसारखे खुपत राहू शकतात.

‘समुद्राची देणगी’, ‘निसर्गाची किमया’ अशा जाहिराती या पट्ट्यांच्या नशिबी येतातच. वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेची २०१३ सालची परीक्षणं वाचली की पाय जमिनीवर येतात. मधुमेही पायाच्या जखमा आणि पायाच्या शिरांमुळे होणारे व्रण, या दोन्हींत अल्जिनेटची पट्टी साध्या पट्टीपेक्षा जखम लवकर भरते असं ठामपणे दाखवणारा पुरावा परीक्षकांना सापडला नाही. चाचण्या थोड्या, त्यांतले रुग्णही थोडे. यावरून पट्टी निकामी ठरत नाही. ती जखम बरी करत नाही, जखमेतल्या पाण्याचा हिशेब सांभाळते, आणि तेवढंच तिच्याकडून मागावं. मधुमेही पायाची जखम भरते ती साखर आटोक्यात आली, पायाला रक्त पोचलं, मेलेलं मांस काढलं आणि त्या जागेवरचा भार हलका झाला तर. पट्टीने वेदना कमी केल्या, पट्टी बदलायची वेळ लांबवली आणि कोवळं मांस उखडलं नाही, तर तिचं काम झालं. बाजारात चांदी किंवा मध घातलेली अल्जिनेट पट्टीही मिळते. तिच्याकडेही याच चष्म्यातून बघणं बरं.

या गोष्टीला एक गमतीदार वळणही आहे. जखमांत हिरवट पू आणि उग्र गोडसर वास आणणारा स्युडोमोनास नावाचा जीवाणू रुग्णालयांना चांगलाच ठाऊक आहे. हा जीवाणू स्वतःही अल्जिनेट बनवतो. १९६०च्या दशकात हे लक्षात आलं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसांत तो ठाण मांडतो, तेव्हा अल्जिनेटचा चिकट थर अंगाभोवती ओढून घेतो आणि त्या थरापुढे औषधांचा जोर कमी पडतो. त्याच्या अल्जिनेटमध्ये ‘ग’ची सलग ओळ मात्र नसते. नॉर्वेतल्या संशोधकांनी शेवाळाच्या दांड्यातल्या ‘ग’चे छोटे तुकडे करून ते या थरावर वापरले, तर थर विस्कळीत होतो असं त्यांना दिसलं. अल्जिनेटवर अल्जिनेटचाच उतारा. रुग्णांवर चाचण्याही झाल्या आहेत, पण औषधाच्या दुकानात मिळण्याइतकी मजल अजून गेलेली नाही.

शेवाळातल्या बाकीच्या शर्करांना एवढं यश आलेलं नाही. चायना ग्रास म्हणून आपल्या स्वयंपाकघरात येतं ते आगर लाल शेवाळाचं. स्टॅनफर्डने पेटंट घेतलं त्याच १८८१ साली फॅनी हेस या गृहिणीने आपल्या डॉक्टर नवऱ्याला जीवाणू वाढवण्यासाठी आगर वापरायला सुचवलं आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ते उचललं. जखमेवर पट्टी म्हणून मात्र आगर मागेच राहिलं. लाल शेवाळातलं दुसरं कॅराजीनन. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत ते सर्वत्र असतं. पण तेच उंदराच्या पंजात टोचलं की पंजा सुजतो. सूज उतरवणाऱ्या औषधांची परीक्षा आजही या सुजेवर घेतात. ही रीत बसवली ती चार्ल्स विंटर आणि सहकाऱ्यांनी, १९६२ मध्ये. ओल्या जखमेचे जॉर्ज विंटर वेगळे आणि सुजेचे हे चार्ल्स विंटर वेगळे. साल एकच, आडनाव एकच, आणि शेवाळाच्या बाबतीत दोघांचा निरोप मात्र उलट!

तपकिरी शेवाळातलंच फ्युकॉयडन १९१३ साली स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी वेगळं केलं. ते हेपॅरिनसारखं रक्त पातळ ठेवतं, म्हणजे रक्त गोठायला हातभार लावणाऱ्या कॅल्शियम अल्जिनेटच्या अगदी विरुद्ध. आणि दोघं एकाच पानात नांदतात. खडकांवरच्या हिरव्या, कागदासारख्या पातळ अल्व्हातून मिळणारं अल्व्हान अजून प्रयोगशाळेतच आहे. आघाडीवर दिसतं ते पुन्हा अल्जिनेट. अमेरिकेत जो लँडोलिना या तरुणाने विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या कामातून सुईशिवाय नुसत्या सिरिंजमधून थेट जखमेत सोडायची जेल तयार झाली. आधी ती प्राण्यांसाठी आली आणि २०२४ साली ट्रॉमाजेल या नावाने माणसांसाठी तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. तिच्यात अल्जिनेट आहे आणि जोडीला कायटोसान.

आता प्रश्न मालाचा. जगात शेवाळ वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास निघतं आणि त्यातलं बहुतेक आशियात शेती करून पिकवलेलं असतं. चीन सोडला तर अल्जिनेटसाठी लागणारं तपकिरी शेवाळ मात्र अजून बरंचसं रानटीच आहे, चिली, नॉर्वे, फ्रान्सच्या किनाऱ्यांवरून कापून आणलेलं. नॉर्वेने किनाऱ्याचे पट्टे पाडले आहेत. एका पट्ट्यात एकदा शेवाळ काढलं की पाच वर्षं तिथे हात लावायचा नाही. त्या शेवाळाच्या रानात मासे वाढतात, पक्षी पोट भरतात. त्यामुळे ही पाच वर्षं पुरेशी आहेत का, यावर मच्छीमार आणि अभ्यासकांत तिथे वाद चालतोच.

भारताच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. लॅमिनारियाला थंड पाणी लागतं, ते इथे नाही. आपल्याकडचं अल्जिनेट मिळतं ते सरगॅसम आणि टर्बिनारिया या उष्ण पाण्यातल्या जातींतून. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यातल्या हणजुणेच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर ओहोटीला गेलं तर छोट्या फुग्यांनी लगडलेलं, तपकिरी, झुडपासारखं जे वाढलेलं दिसतं ते सरगॅसम. ते फुगे त्याला पाण्यात उभं ठेवतात. कोकणात त्याचं मोठं संकलन होत नाही. ते होतं तामिळनाडूत, मंडपम आणि रामेश्वरमच्या आसपास. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या मन्नारच्या आखातात बुडी मारून शेवाळ काढतात. खडकाने कापू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यांवर चष्मा, आणि श्वास जेवढा पुरेल तेवढाच वेळ पाण्याखाली. १९८६ साली तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांच्या नेहमीच्या बेटांवर निर्बंध आले.

२०२० साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले आणि २०२५पर्यंत ११ लाख २० हजार टनांचं लक्ष्य ठरलं. पण शेतीत मुख्यतः पिकवलं जातं ते कॅपाफायकस. त्यातून मिळतं कॅराजीनन, अल्जिनेट नव्हे. म्हणजे योजना फळली तरी जखमेच्या पट्टीला तिचा थेट फायदा कमीच. भावनगरला १९५४ पासून केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आहे आणि भारतीय शेवाळातून आगर आणि अल्जिनेट काढण्याच्या पद्धती तिथे बसवल्या गेल्या आहेत. तरी कारखान्यातलं अल्जिनेट आणि जखमेवर ठेवायचं अल्जिनेट यांत बरंच अंतर असतं. सरगॅसम समुद्रातलं आर्सेनिक आणि जड धातू अंगात साठवतं. ते काढावे लागतात. जीवाणूंच्या भिंतींचे ताप आणणारे अंश नाहीसे करावे लागतात. ‘म’ आणि ‘ग’ यांचं प्रमाण दर खेपेला तेच राहावं लागतं, आणि रानटी शेवाळात ते ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतं.

गरज तर आहेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांच्या तळपायाला कधी ना कधी जखम होणार. अल्जिनेटच्या एका चकतीला काहीशे रुपये पडतात आणि महिनोन् महिने चालणाऱ्या जखमेला अशा कितीतरी लागतात, त्यामुळे सरकारी दवाखान्यात अजून गॉज आणि सलाईनवरच भागवलं जातं. मंडपमच्या वाळूत सुकवलेलं सरगॅसम पोत्यांत भरून अल्जिनेटच्या कारखान्यांकडे जातं. तिथून बराचसा माल पोचतो कापडछपाईला: सुती कापडावर उठवायच्या रंगाला दाटपणा आणायचा असतो आणि अल्जिनेट त्या रंगांशी संयोग पावत नाही. छपाई झाली, रंग पक्का बसला की कापड धुतात आणि अल्जिनेट पाण्याबरोबर निघून जातं.